समुद्र खवळल्यास पाणीपुरवठा रद्द

शहरात सगळ्यात कमी पाणी कुणाच्या घरी वापरलं जातं अशी स्पर्धा ठेवली असती, तर पहिलं बक्षीस पाणीवाल्यांच्या घरात आलं असतं आणि ते पुसायलाही ओलं फडकं मिळालं नसतं. पाणीवाले म्हणजे पाणीपुरवठा खात्यातले वेळापत्रकाचे कारकून. शहराचे सहा विभाग, प्रत्येक विभागाला रोज चाळीस मिनिटं पाणी, आणि कुणाची चाळीस मिनिटं कधी सुरू व्हायची ते ठरवणारा हा एकच माणूस. बावीस वर्षं हेच काम केल्यामुळे त्यांचं खरं नाव पगारपत्रकात तेवढं शिल्लक होतं. त्यांच्या बायकोलासुद्धा कॉलनीत 'पाणीवाल्या वहिनी' म्हणत, आणि ती बिचारी ते मुकाट्याने ऐकून घेई.

वेळापत्रकाखेरीज पाणीवाल्यांकडे तक्रारींची नोंदवहीही होती. नळाला पाणी येत नाही, येतं ते गढूळ येतं, शेजाऱ्याकडे जास्त येतं, अशा तक्रारी रोज येत. पाणीवाले त्या मन लावून वाचत आणि प्रत्येकीपुढे सुंदर अक्षरात लिहीत, 'चौकशी केली. तथ्य आढळले नाही.' बावीस वर्षांत त्यांना एकाही तक्रारीत तथ्य आढळलं नव्हतं. यात लबाडी नव्हती; तथ्य आढळलं तर पुढे काय लिहायचं याचा नमुनाच खात्यात नव्हता.

मात्र एका बाबतीत ते कुणाचं ऐकत नसत. कुठल्याही इमारतीची टाकी भरून वाहू लागली की हा गृहस्थ हातातलं काम टाकून गच्चीवर चढे आणि चावी बंद करून येई. इमारत ओळखीची असलीच पाहिजे असं नाही. मेहुण्याच्या लग्नाच्या एकाही फोटोत ते दिसत नाहीत, कारण फोटो काढायच्या वेळेला समोरच्या इमारतीची टाकी वाहत होती. घरात तर विचारायची सोयच नाही. वहिनी भांडी घासायला बसल्या की आतून हाक यायची, "अगं, नळ बंद कर!" पायावर दुसरा तांब्या घेतला की, "अगं, एक पुरे!" वहिनींनी हे सगळं सोसलं. माणूस सरळ होता, आणि सरळ माणसाबरोबर संसार करायचा तर थोडं कोरडं राहावं लागतंच.

पण वहिनींची एक इच्छा होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी घरात एक कॅलेंडर आलं होतं. त्यावर एका बेटाचं चित्र होतं. पांढरी वाळू, वाकलेली झाडं आणि नजर पोचेल तिथपर्यंत निळं पाणी. वहिनी त्या चित्रासमोर लाटणं हातात धरून उभ्या राहिल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, "अहो, मला इथे न्या. मला काही बघायचं नाही, खरेदी करायची नाही. नुसतं पाण्यात पाय सोडून बसायचंय. जे पाणी कुणाला बंद करता येत नाही असं पाणी. आणि तासभर कुणी मला हाक मारायची नाही."

पाणीवाले म्हणाले होते, "नेतो की!"

आता अडचण अशी, की त्या बेटाकडे बोटी जातात त्या फक्त कोरड्या महिन्यांत. एरवी समुद्र खवळलेला असतो. आणि कोरड्या महिन्यांत पाणीपुरवठा खात्यात सगळ्यांच्या रजा बंद. म्हणजे बेट उघडलं की पाणीवाले बंद, आणि पाणीवाले मोकळे झाले की बेट बंद. या हिशेबात बावीस वर्षं गेली. मुलगी शिकली, लग्न होऊन गेली. कॅलेंडरचं ते पान पाणीवाल्यांनी फाडून ऑफिसच्या खणात तक्रारवहीखाली ठेवलं होतं. दुपारी जेवण झालं की ते वही उचलून एकदा बघत आणि पुन्हा ठेवत. हे वहिनींना ठाऊक नव्हतं.

यंदा मात्र वहिनींच्या गुडघ्यांनी तोंड उघडलं. डॉक्टरांनी गुडघ्यांचा फोटो उजेडासमोर धरून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "काही फिरायचं राहिलंय का? वाळूत वगैरे चालायचं असेल तर याच वर्षी चालून घ्या. पुढच्या वर्षीचा शब्द मी देत नाही."

दोघं परत आले. घराचं कुलूप उघडता उघडता पाणीवाले म्हणाले, "जायचं."

"रजा?"

"ते मी बघतो," पाणीवाले म्हणाले. बोलताना आवाज एवढा मोठा लागला, की तळमजल्यावर हेडमास्तरांना ऐकू गेला.

हेडमास्तर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक आणि पाणीवाल्यांच्या इमारतीचे तहहयात सेक्रेटरी. त्यांनी समुद्र कधी पाहिला नव्हता, पण तीस वर्षं भूगोल शिकवला होता, त्यामुळे पाहायची गरजही पडली नव्हती. संध्याकाळी ते वर आले आणि खुर्चीत बसून म्हणाले, "बेट म्हणजे काय?"

पाणीवाल्यांनी चहाचा कप पुढे केला.

"सांगा ना, सोपं आहे. चारी बाजूंनी पाणी. म्हणजे काय? पळायला जागा नाही! उद्या काही झालं तर जाल कुठे?"

"काय होणार आहे?"

"ते बेटावर गेल्यावर कळतं," हेडमास्तर गंभीरपणे म्हणाले आणि दुसरा चहा घेऊन गेले.

बातमी फुटल्यावर सल्ल्यांना तोटा नव्हता. पहिल्या मजल्यावरच्या दंतवैद्यांनी जिन्यात गाठून सांगितलं, की खारं पाणी हिरड्यांना उत्तम. एवढे समुद्रावर जाताच आहात तर रोज सकाळी दहा चुळा भरा, फुकटात काम होईल. मेहुण्याने हवा भरायची एक रबरी रिंग आणून दिली. तिला पुढे बदकाचं तोंड होतं. "भावोजी, समुद्राशी खेळ नको. घालून बघा, माप कळेल." पाणीवाल्यांनी घालून बघितली. माप असं निघालं, की आत जाता आलं, बाहेर येता येईना. नेमकी तेव्हाच बेल वाजली. दारात तिसऱ्या गल्लीतले एक गृहस्थ पाणी कमी दाबाने येतं ही तक्रार घेऊन उभे होते. पाणीवाल्यांनी बदकासकट तक्रार स्वीकारली. गृहस्थ जाताना म्हणाले, "कमी दाबाचं राहू द्या. तुमच्याकडे पूर आलेला दिसतोय."

वहिनींनी मात्र कुणाचा सल्ला घेतला नाही. त्यांनी एक रुंद काठाची गवती टोपी आणली. सवय व्हावी म्हणून ती घालून त्या स्वयंपाक करत, खिडकीशी उभ्या राहत आणि पाणीवाले ऑफिसातून आले की घाईघाईने काढून दारामागे अडकवत. पाणीवाल्यांनी एकदा ते पाहिलं होतं. ते बूट काढायच्या निमित्ताने उगाच दोन मिनिटं खाली वाकून राहिले.

आता राहिली रजा. रजेच्या अर्जात कारणाच्या रकान्यात तीनच गोष्टी छापलेल्या होत्या: आजारपण, विवाह, निधन. खोटं लिहिणं पाणीवाल्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी तिन्ही खोडून 'बेट' असं लिहिलं आणि अर्ज घेऊन साहेबांपुढे उभे राहिले.

साहेबांनी चष्मा काढला. "हे काय आहे?"

"बेट आहे, साहेब. समुद्रात."

"तिथे पाणी आहे?"

"चहूबाजूंनी, साहेब."

"मग तिथे तुमचं काय काम?"

या प्रश्नाला खात्याच्या भाषेत उत्तर नव्हतं, म्हणून पाणीवाल्यांनी सरळ सांगून टाकलं. कॅलेंडर सांगितलं, गुडघे सांगितले, नळ बंद करायला सांगत आलो तेही सांगितलं. बावीस वर्षांत हा माणूस साहेबांपुढे एका दमात चार वाक्यं बोलला नव्हता. साहेबांनी चष्मा पुन्हा घातला. मग म्हणाले, "आठ दिवस. पण कोरड्या महिन्यांचं वेळापत्रक लावून जायचं. आणि मला एकही फोन येता कामा नये. एक जरी आला, तरी रजा रद्द."

पाणीवाले जमिनीवरून दोन बोटं वर चालत टेबलाशी आले.

आणि घात इथेच झाला. बोटींच्या फेऱ्यांची माहिती त्यांनी फोनवरून विचारून घेतली होती. आता वेळापत्रकाच्या माणसाला वेळा कागदाच्या चिटोऱ्यावर बघवतील का? त्यांनी त्या खात्याच्या छापील तक्त्यावर, लाल-निळ्या शाईत, सुरेख मांडल्या. तक्ता आयताच सोयीचा होता. अनुक्रमांक, सुरू, बंद, शेरा. बोटीच्या फेऱ्या सहा, शहराचे विभागही सहा. दुपारी पाण्याचं वेळापत्रकही तशाच तक्त्यावर, त्याच शाईत तयार झालं. मग एक कागद मंजुरीच्या फायलीत गेला आणि एक तिकिटांबरोबर पिशवीत. कुठला कुठे गेला, हे बघायला पाणीवाल्यांचं मन जागेवर नव्हतं. ते गुडघाभर पाण्यात उभं होतं.

साहेबांनी न वाचता सही केली. बावीस वर्षांत चूक झाली नव्हती, मग वाचायचं कशाला? टंकलेखिकाबाईंनी मक्षिकास्थाने मक्षिका न्यायाने टंकलं. संध्याकाळी सहाही विभागांत फाटकाफाटकांवर ते चिकटवलं गेलं. पाणीवाले घरी येताना आपल्याच फाटकावरच्या कागदाजवळून गेले, पण त्यांनीही तो वाचला नाही. स्वतःच लिहिलेलं कोण वाचतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं नाही. "पाणी सोडणारा चावीवाला झोपला असणार," असं म्हणून पाणीवाले तरातरा निघाले. फाटकाशी हेडमास्तर आठ-दहा लोकांना कागद समजावून सांगत होते. लोक कसे असतात बघा. वेळापत्रक चुकलंय असं एकाच्याही मनात आलं नाही. खातं म्हटल्यावर ते समजणार नाहीच, हे सगळे धरूनच चालले होते.

"आपल्या पाचव्या विभागाला दुपारी चार चाळीस ते सहा दहा," हेडमास्तर वाचत होते. "शेरा: अर्धा तास आधी हजर राहावे. सामान आपल्या जबाबदारीवर. सामान म्हणजे बादल्या. उभ्याने वाकू नये, ते बरोबरच आहे, कंबर धरते. आणि खाली तळटीप: समुद्र खवळल्यास रद्द."

"कुठला समुद्र?" दंतवैद्यांनी विचारलं.

"ते वरच्या पातळीवरचं असतं," हेडमास्तर म्हणाले.

पाणीवाल्यांनी हे ऐकलं. पिशवीत हात घातला, तिकिटांबरोबरचा कागद उलगडला. त्यावर शहराचं पाणी अगदी बिनचूक मांडलेलं होतं.

ऑफिसात पोचले तेव्हा टेलिफोन ठणाणा करत होता. पहिला विभाग पहाटे दीड तास पाण्यात न्हाऊन निघाला होता. सहाव्या विभागापुढे शेरा होता, 'फेरी फक्त रविवारी', आणि तो दिवस मंगळवार होता. साहेब सहाव्या विभागात राहत. साहेबांच्या केसांना साबण तसाच वाळलेला होता.

"उभ्याने वाकू नये?" साहेब हळू आवाजात म्हणाले. हळू आवाज वाईट असतो. "मी आज वाकलो नाही, बसलो नाही, अंघोळही पुरी केली नाही. फोन फिरवा चावीवाल्यांना. आत्ताच्या आत्ता बदला."

पाणीवाल्यांनी पाचव्या विभागाच्या चावीवाल्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "लेखी द्या."

"अरे, मी बोलतोय!"

"तुम्हीच नियम केलाय ना? बड्या लोकांचे फोन येतात, फोनवर कुणाचाही आवाज आला तरी चावी फिरवायची नाही. शिक्क्याचा कागद दाखवा, लगेच फिरवतो."

नियम खरंच त्यांचाच होता. मग नवा तक्ता, नवं टंकन, नवी सही, सहा प्रती, सहा शिक्के. यात चार वाजले. आता तो बदल उद्यापासूनच लागू होणार होता. साहेबांनी सही केली. या वेळी दोनदा वाचून केली. मग खणातून रजेचा अर्ज काढला आणि त्यावर एक तिरकी रेघ ओढली.

"मला वाईट वाटतं," साहेब म्हणाले. ते खरं होतं. "पण शब्द म्हणजे शब्द. तुमच्या विभागातले कागद तुम्ही स्वतः चिकटवा. सगळी फाटकं."

खळीचा डबा एका हातात, कागदांची गुंडाळी काखेत, अशी पाणीवाल्यांची स्वारी आपल्याच गल्लीतून निघाली. "काय हो, पुढची बोट कधी?" न्हाव्याने दुकानातून विचारलं. एका आजीबाईंनी बादलीवर बसल्या बसल्या चौकशी केली, समुद्र आज बरा आहे ना? पाणीवाल्यांनी मान खाली घालून खळ लावली. अपमानाचं त्यांना एवढं वाटत नव्हतं. घरी जाऊन काय सांगायचं, याचं वाटत होतं. दारामागची टोपी डोळ्यांपुढून हलत नव्हती. बावीस वर्षं ज्या बाईला दुसरा तांब्या घेऊ दिला नाही, तिच्या वाट्याचा समुद्र आपण एका कागदाच्या घोळात घालवला. पुढच्या वर्षीचा शब्द तर डॉक्टरसुद्धा देत नाहीत.

आपल्या इमारतीच्या फाटकाशी पोचले तेव्हा साडेपाच होऊन गेले होते. त्यांनी वर पाहिलं. गच्चीच्या पन्हळीतून पाण्याची जाड धार पडत होती. टाकीला चाळीस मिनिटांची सवय. आज दीड तासाचं पाणी येत होतं. धार बरोबर हेडमास्तरांच्या वाळत घातलेल्या कोटावर पडत होती, आणि हेडमास्तर खाली उभे राहून ओरडत होते, "वर कोण आहे? चावी बंद करा! पाणीवाले, तुमच्याच इमारतीत ही तऱ्हा?"

पाणीवाल्यांनी डबा खाली ठेवला आणि जिना चढायला लागले. बावीस वर्षांची सवय पायांत होती. तिसऱ्या मजल्यावर त्यांचं दार उघडंच होतं. दारामागच्या खुंटीवर टोपी नव्हती.

गच्चीला चारी बाजूंनी कठडा, आणि पन्हळीचं तोंड पालापाचोळ्याने अर्धं बुजलेलं. त्यामुळे गच्चीभर घोटा बुडेल एवढं पाणी साठलं होतं. उतरत्या उन्हात ते चमकत होतं. वहिनी टाकीखालच्या पायरीवर बसल्या होत्या. डोक्याला टोपी, कपडे पोटऱ्यांपर्यंत वर घेतलेले, दोन्ही पाय पाण्यात. डोळे मिटलेले. टाकीवरून पाणी सतत सांडत होतं, आणि प्रत्येक सांडण्याबरोबर एक लहानशी लाट त्यांच्या घोट्यांपर्यंत येऊन परत जात होती.

टाकीची चावी पाणीवाल्यांच्या हाताशी होती. त्यांनी ती धरली. नुसतं पाव वळण फिरवायचं होतं.

"अगं..." त्यांच्या तोंडून सवयीने गेलं.

वहिनींनी डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, लाजही नव्हती. बराच वेळ खूप लांब राहून आलेल्या माणसासारख्या त्या पाहत होत्या. "बंद करताय?" त्यांनी विचारलं. "करा. तसं मला कळलंय, आपलं जाणं रद्द झालं ते. दुपारी साहेबांच्या घरून फोन आला होता, पाण्याची चौकशी करायला. एक फोन आला तरी रजा रद्द, हे तुम्हीच सांगितलं होतंत."

पाणीवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेही त्यांनी आजवर कधी वाया घालवलं नव्हतं. त्यांनी चावीवरचा हात काढला. बूट काढले, मोजे बुटांत कोंबले, विजार वर गुंडाळली आणि वहिनींशेजारी पायरीवर जाऊन बसले. पाणी गार होतं.

"तासभर म्हणाली होतीस ना?" ते म्हणाले. "सहा दहापर्यंत आहे."

खालून हेडमास्तर हाका मारत होते. दोघांनीही ओ दिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तक्रारवहीत पहिली तक्रार हेडमास्तरांची होती, दोन पानी, शुद्धलेखन निर्दोष. पाचव्या विभागातील अमुक इमारतीच्या गच्चीवर सायंकाळी साडेपाच ते सहा दहा या वेळेत दोन प्रौढ व्यक्ती टाकी वाहत असताना पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या, त्यांपैकी एकीच्या डोक्यावर टोपी होती, आणि वारंवार हाका मारूनही त्यांनी चावी बंद केली नाही, तरी चौकशी व्हावी.

पाणीवाल्यांनी ती शांतपणे वाचली. वही थोडी उचलून खालचं निळं चित्र पाहिलं, पुन्हा खाली ठेवली. मग पेन उघडून नेहमीच्या सुंदर अक्षरात लिहिलं, 'चौकशी केली. तथ्य आढळले.'

पुढचा नमुना खात्यात नव्हता. त्यांनी थोडा विचार केला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'समुद्र शांत होता.'

वही आत गेली. साहेब आता प्रत्येक कागद दोनदा वाचत. तेही त्यांनी दोनदा वाचलं, वर पाहिलं, काही विचारलं नाही आणि सही केली.